बिनगाठीची वायर

माझे बाबा फोनवर तीनच वाक्यं बोलायचे. "बरा हायेस ना? जेवला का? घे, तुह्या मायशी बोल." तिसरं वाक्य पुरं व्हायच्या आत रिसीव्हर आईच्या हातात आणि बाबा पुन्हा मागावर. पलीकडे परदेशात माझा धाकटा भाऊ बिचारा काहीतरी सांगायला तोंड उघडत असायचा.

आईचं बोलून झालं की फोन माझ्याकडे यायचा. माझं सासर सिहोऱ्याचं, पण नवऱ्याची नोकरी आमच्या गावातली, म्हणून बिऱ्हाड माहेरच्या मागच्याच गल्लीत. रविवारी भावाचा फोन यायच्या वेळेला मी तिथं हजर नाही, असं कधी झालं नाही. भाऊ दरवेळी आवाज खाली करून विचारायचा, "ताई, बाबा रागावले हायेत का वं माह्यावर?"

"नाही रे बापा, कायले रागावतीन?"

"मंग बोलत काहून नाही?"

याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण मला ते देता येत नव्हतं. आई म्हणते मी तोंडाची फाटकी आहे, माझ्या पोटात तीळ भिजत नाही. खरं आहे. पण ही एक गोष्ट मी पोटात ठेवली होती आणि तिनं मला फार छळलं.

राग होता, नाही असं नाही. आमचं घर विणकराचं, कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणणारं. भाऊ शिकला, कंपनीत लागला आणि कंपनीनं त्याला बाहेर धाडलं. निघताना तो पाया पडला तर बाबा मागावरून उठले नाहीत. "हाव, जा," म्हणाले आणि धोटा फेकत राहिले. भावानं तेवढंच मनात बांधून नेलं. इकडे त्याची गाडी तुमसर ओलांडायच्या आत बाबांचा राग विरघळला होता. दुसऱ्या दिवशी चौकातल्या चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना, "माहा पोरगा विमानात बसून गेला," हे इतक्यांदा ऐकवून झालं की लोक त्यांना पाहून गल्ली बदलायला लागले.

खरी गोष्ट अशी होती की बाबांना फोनवर काही ऐकूच येत नव्हतं. जवानीत ते नागपूरकडे पावरलूमवर होते. त्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथले कामगार एकमेकांचे ओठ पाहून बोलतात. बाबा तिथून ही विद्या घेऊन आले आणि कान तिथंच ठेवून आले. भाऊ घरी होता तोवर थोडंफार ऐकू यायचं. तो गेल्यावर उरलंसुरलंही गेलं. समोर बसून बोला, बाबांना शब्द न् शब्द कळतो. पाठ फिरवली की तुम्ही भिंतीशी बोलताय असं समजा. कानाचं यंत्र आणून दिलं, तर "ह्याच्यातून सारा बजारच आयकू येते," म्हणून ते डब्यात जाऊन पडलं.

आणि बाबा म्हणायचे, हे भावाला सांगायचं नाही! "तो तिकडं एकटा हाये. बाप बहिरा झाला म्हून आयकलं तर जीव टांगणीले लागन त्याचा. तुले माह्या गळ्याची आन हाये." आता गळ्याची आन घातल्यावर काय बोलणार? जीव टांगणीला लागण्याचं निमित्त होतं. बाबांना बहिरं म्हणवून घ्यायची लाज वाटायची, मला काय कळत नाही होय? तर एकीकडे बापाला लाज, दुसरीकडे लेकाला भीती, आणि मधे मी, सुपारीगत अडकित्त्यात.

अशातच भावाला मुलगी झाली. आमच्या घरात आनंदाला नुसतं उधाण आलं. आईनं गल्लीत साखर वाटली आणि बाबांनी त्या दिवशी माग बंद ठेवला, जे ते सणालाही करत नाहीत. भाऊ म्हणाला, "ताई, आत्या तू. नाव तूच ठेवशीन. फोनवरून सांग तिच्या कानात."

मी म्हटलं, "वा रे वा! तोंड न पाहता नाव ठेवू? ते काही जमणार नाही."

नेमकं त्याच सुमारास गावातल्या टेलिफोन ऑफिसच्या दारावर पाटी लागली होती. घरच्या फोनच्या तारेवरूनच आता वेगवान इंटरनेट मिळणार होतं. तेव्हा मोबाइलवर नुसतं बोलणं व्हायचं, तेही छपरीत एका ठराविक कोपऱ्यात उभं राहून. पण इंटरनेटवर तोंड पाहून बोलता येतं हे मी साकोलीला आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणात पाहिलं होतं. पाटी वाचली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांना कान नाहीत तर नाहीत, डोळे आहेत ना!

तशीच घरी गेले. बाबांच्या समोर, मागाच्या पलीकडे उभी राहिले आणि सांगितलं, "बाबा, फोनच्या तारेतून आता तोंड दिसते. टीव्हीसारखं. तो बोलन तसं दिसन."

बाबांनी धोटा थांबवला. "ओठ दिसतीन?"

"दिसतीन ना."

"साफ?"

"एकदम साफ."

 धोटा बराच वेळ बाबांच्या हातातच राहिला. तेव्हा मला कळलं, की गल्लीत मोठ्यानं हसणाऱ्या या माणसाला लेकाशी बोलायची किती भूक लागली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी उगीचच आईवर खेकसले, की चहा ठेवला का नाही अजून.

साकोलीच्या एका दुकानातून जुना कॉम्प्युटर आणला, कॅमेरा-माइकसकट. मॉनिटर बाबांच्या पंच्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "ताई, लेकराचं तोंड उघडं ठेवा, गुदमरन." सारी बस हसली. मीही हसले, मांड्या मुंग्या येऊन बधिर झाल्या होत्या तरी. टेलिफोन ऑफिसातून मोडेम आलं. त्यावर हिरवे दिवे होते. लाइनमन भाऊ जोडून देऊन म्हणाले, "हा दिवा थिर झाला का समजा इंटरनेट आलं."

तो दिवा थिर होईना. लुकलुक लुकलुक करायचा, मिनिटभर थांबायचा, आमच्या जिवात जीव यायचा, की पुन्हा लुकलुक. बाबा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले होते. दिवा थांबला की ओरडायचे, "आलं वं, आलं!" आणि आम्ही हातातलं टाकून धावायचो, तोवर ते गेलेलं. आईचा तर एकदा भातच लागला. बारशासाठी भावाच्या सुटीचा रविवार ठरला होता आणि तो तोंडावर आला होता. माझा संताप संताप झाला. लाइनमन भाऊंना मी चार शब्द सुनावले, त्यांनी ते हसत ऐकून घेतले आणि पुन्हा आले.

त्यांनी खांबावर चढून तपासलं. खांबावर सगळं ठणठणीत. म्हणजे घोळ खांब आणि घर यांच्या मधल्या वायरीत होता. शिडी लावून ते वायर हातात घेत घेत आमच्या दाराकडे यायला लागले आणि मधेच थांबले. वायरीला एक गाठोडं होतं. पुढं आणखी एक. मग आणखी एक. वरून कोशाचा मेणलेला धागा सुबक गुंडाळलेला, त्यावर प्लास्टिकची पट्टी.

"हे काय होय जी?" लाइनमन भाऊ शिडीवरूनच म्हणाले. "वायर हाये का जपमाळ?"

मी कपाळावर हात मारला. ती सारी बाबांची करामत. आमच्या दारात कडूलिंब आहे आणि त्यावर वांदरांची ये-जा. उडी चुकली की वांदर वायर धरतं आणि वायर तुटते. लाइनमन येईपर्यंत वाट कोण पाहील? विणकराला तुटलेलं जोडायला कोणी शिकवावं लागतं का? नवा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवताना जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नवा धागा पिळून जोडायचा, बोटांना राख लावून. सांधणी म्हणतात तिला. बाबांनी वायर सोलायची, तांब्याची टोकं तशीच राख लावून पिळायची, वरून मेणधागा. फोन सुरू! थोडं खरखरायचं, पण आवाज जायचा. ही कीर्ती अशी पसरली, की गल्लीतल्या कोणाचाही फोन बंद पडला की लोक ऑफिसात न जाता आमच्या घरी यायचे.

लाइनमन भाऊंनी सांधा कापायला पक्कड काढली तशी बाबा अंगणात आले. "माह्या सांध्याले हात नोको लावू! इतके वर्सं बोलणं जाऊन राहिलं त्याच्यातून. मंग तस्वीर काहून नाही जात?"

लाइनमन भाऊ खाली उतरले. बाबांना ओठ दिसतील असे समोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाबाजी, बोलणं जाडंभरडं असते, कसंही निघून जाते. हे इंटरनेट लय बारीक असते. जोडावर अडते."

मला वाटलं आता बाबा भांडणार. पण नाही. आत गेले, मागावरच्या ताण्यावरून हात फिरवला आणि बाहेर आले. चेहरा असा, की काहीतरी सापडलं.

"मंग असं सांग ना गा!" ते म्हणाले. "पंचा विनतो तवा ताण्यात गाठ असली तरी चालते. मोटी फणी, जाड सूत, गाठ निघून जाते. कोस्याच्या लुगड्यात गाठ चालते का? फणीत अडकते, धागा तुटते. बोलणं म्हनजे पंचा, नि तस्वीर म्हनजे कोस्याचं लुगडं. त्याले बिनगाठीचा ताणा पायजे."

"हाव जी, तसंच," लाइनमन भाऊ म्हणाले. आणि बाबांनी त्यांच्या हातातली पक्कड घेऊन पहिला सांधा स्वतः कापला. वर मलाच बोलले, "पाहून का राहिली? नवी वायर आन."

ऑफिसात अखंड वायर शिल्लक नव्हती, पुढल्या आठवड्यात येणार होती. पुढल्या आठवड्याची वाट पाहणारी मी नव्हे. लाइनमन भाऊंकडून वायरीचा प्रकार समजून घेतला, तुमसर गाठलं आणि अख्खं बंडल घेऊन आले. आणि तेच बंडल माझ्या हातून गल्लीच्या तोंडाशी सुटलं! घरंगळत, उलगडत, गटाराला चाटून गेलं आणि त्याचा असा गुंता झाला की लाइनमन भाऊंनी डोक्याला हात लावला. "गेलं आता. याले तोडूनच सोडवा लागन."

तोडून? आमच्या गल्लीत? रोज सकाळी उठून गल्लीभर ताणा लांबवायचा, त्याला खळ लावायची, एकेक धागा मोकळा करायचा, हे जिथं पिढ्यान् पिढ्या चाललंय तिथं एका वायरीचा गुंता तो काय! शेजारच्या काकू पदर खोचून आल्या. समोरच्या वहिनी हातातलं लाटणं तसंच ठेवून आल्या. कोणी काही विचारलं नाही. ओळीनं उभ्या राहिल्या, प्रत्येकीनं हातभर वायर धरली आणि सरकवायला सुरुवात केली. बाबा मधे उभे राहून ओरडत होते, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, "पिळ पडू देऊ नोका! ढील सोडा! आता वढा!" बाया त्यांची नक्कल करत होत्या, बाबांना ती ओठांवरून कळत होती आणि ते आणखीच चेकाळत होते. बघता बघता खांबापासून आमच्या दारापर्यंत वायर ताण्यासारखी सरळ उभी राहिली. लाइनमन भाऊंनी ती कडूलिंब टाळून समोरच्यांच्या छपरावरून नेली. इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

मोडेम लावलं. दिवा लुकलुकला आणि थिर झाला. आम्ही पाहत राहिलो. थिर तो थिरच. आईनं त्याला हात जोडले.

इथवर सगळं छान होतं. रविवारी संध्याकाळी घर बायकांनी भरलं. आईनं हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या, रिकामा पाळणा टांगला आणि रीत म्हणून त्यात टोपडं घातलेला वरवंटा निजवला. मग शुभकार्य आहे म्हणून कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि मी "आई!" म्हणेपर्यंत पळीभर पाणी शिंपडलं. ते नेमकं स्पीकरच्या जाळीतून आत गेलं. स्पीकरनं फुस्स केलं आणि मान टाकली.

तेवढ्यात पडद्यावर भाऊ आला.

आला म्हणजे काय आला! दाढी वाढलेली, थोडा वाळलेला, पण तोच. शेजारी भावजय, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला लालबुंद जीव. चित्र इतकं साफ, की भावाच्या भुवईवरचा लहानपणचा वण दिसत होता. तो हसत होता, बोलत होता, आणि आवाज काही नाही. "आवाज नाही! आवाज नाही येत!" घरात एकच कल्ला. आमचं त्यांना ऐकू जात होतं, त्यांचं आम्हाला नाही. मला रडूच कोसळलं. एवढं करून हे? मी म्हटलं निदान फोन तरी लावू.

बाबा पुढ्यात स्टुलावर बसले होते. ते मागं न वळता म्हणाले, "काहून कल्ला करून राहिल्या? तो सांगते, पोरगी आत्तापर्यंत झोपली होती, तुमच्या आवाजानं उठली."

सगळ्या बाया स्टुलाभोवती सरकल्या.

"सून म्हणते नमस्कार करतो. म्हणते, तिकडं डिंकाचे लाडू केले पन आपल्यासारखे नाही झाले." बाबा सहज सांगत होते, गुडघ्यावर हात ठेवून, जसे काही ते पारावर बसलेत. "हा म्हणते, पोरगीचं नाक मायवर गेलं."

आईचा विश्वास बसेना. "तुमी मनानं सांगून राहिले. इचारा त्याले, आंग चोळाले बाई ठेवली का?"

भावाचे ओठ हलले. बाबा हसले. "म्हणते, इथं बाई कुठं, मीच चोळतो." भाऊ पलीकडून जोरजोरानं मान हलवत होता, हाव, हाव म्हणून. गल्लीतल्या कानवाल्या बाया एका बहिऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहत बसल्या होत्या, की आता काय सांगतो. मी रडता रडता हसत सुटले.

मग नाव. भावानं हेडफोन जोडून तो बाळाच्या कानाशी धरला. मी माइकजवळ तोंड नेलं, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. ते इथं सांगत नाही, ते तिच्या कानातलं आहे. तिनं नाक उडवून एक शिंक दिली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, पाळण्यातल्या वरवंट्याला झोका मिळाला, घुगऱ्यांची भांडी फिरायला लागली.

त्या गडबडीत भावानं खुर्ची पुढं ओढली. इतका वेळ तो सगळ्यांकडे पाहून बोलत होता, आता फक्त बाबांकडे पाहत होता. त्याचे ओठ थोडेच हलले. प्रश्न लहान होता. मला तो ऐकू आला नाही, पण मला तो पाठ होता.

बाबांनी आम्हाला काही सांगितलं नाही. ते पडद्याकडेच पाहून बोलले, मोठ्यानं, साऱ्या गल्लीच्या समोर.

"रागावलो? मी कायले रागावू गा तुह्यावर? मी बहिरा झालो, बापा. फोनवर मले काईच आयकू येत नाही. म्हून तुह्या मायले देत होतो फोन."

घुगऱ्या खाणारी तोंडं थांबली. पडद्यावर भावानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते.

"हात काढ तोंडावरचा," बाबा म्हणाले. "मले दिसून नाही राहिलं."

भावानं हात काढले. डोळे पुसले, हसला, आणि बोलायला लागला. थांबेचना. इतक्या वर्षांचं साचलेलं भराभर बोलत होता आणि बाबा पुढं झुकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, त्याच्या ओठांवरची नजर न हलवता बसले होते. त्यांची मान मधूनमधून हलत होती.

आईनं त्यांचा खांदा हलवला. "काय म्हणून राहिला? अवो, आमाले बी सांगा ना, काय म्हणून राहिला तो?"

बाबांनी तिच्याकडे न पाहता हात वर केला.

"थांब वं. आयकू दे मले."